घरच्या बिअर मशीनवर नीट बिअर कशी करायची: पाण्यापासून बाटलीपर्यंत, क्रमाने

घरी बिअर करायचं इलेक्ट्रिक मशीन घेतलेल्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. मशीनने सांगितलं तसं सगळं केलं, तरी बिअर पातळ झाली, औषधासारखा वास आला, किंवा बाटली उघडताच अर्धी फेसात गेली. मग खापर फुटतं मशीनवर किंवा रेसिपीवर. खरं तर मशीन फक्त तापमान आणि वेळ सांभाळतं, आणि तेही पहिल्या पाच-सहा तासांपुरतं. पाणी, धान्याचा भरडा, पंपाचा वेग, स्वच्छता आणि यीस्ट टाकल्यानंतरचे दोन आठवडे तुमच्याच हातात असतात, आणि बिअर बिघडते ती बहुतेक वेळा इथेच.

हा लेख ३० ते ३५ लिटरच्या ऑल-इन-वन मशीनसाठी आहे: तळाला हीटर, आत जाळीची टोपली, एक पंप आणि बाहेर कंट्रोलर. ग्रेनफादर, ब्रूझिला ही याच जातीची. ब्राउमाइस्टरमध्ये पाणी खालून वर चढतं आणि स्पार्ज (टोपलीतलं धान्य वरून गरम पाण्याने धुणं) सहसा करत नाहीत, बाकी तत्त्व तेच. तापमानाचे सगळे आकडे सेल्सियसमध्ये आहेत.

## आधी कायद्याचं

महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. दारूबंदीच्या १९४९ च्या कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि ‘स्वतःपुरती केली’ हा बचाव चालत नाही. म्हणून हा लेख घरी बिअर करण्याची मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्याने एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन करता येते, मात्र राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. ब्रिटनमध्ये घरच्या वापरासाठी करता येते. विकायची मात्र दोन्हीकडे नाही.

## नमुन्याची रेसिपी

पहिल्या दोन-तीन बॅचना साधी पेल एलच घ्या. तिच्यात चूक झाली तर कुठे झाली ते चवीवरून कळतं. भरमसाट हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) आयपीए जातीच्या बिअरमध्ये दोष लपतात आणि पुढच्या बॅचला तेच परत होतं.

- पेल माल्ट (मोड आणून वाळवलेलं बार्लीचं धान्य) ५ किलो, मध्यम रंगाचं क्रिस्टल माल्ट ३०० ग्रॅम
- मॅग्नम हॉप्स (१२ टक्के अल्फा अॅसिड, म्हणजे कडवटपणा देणारं द्रव्य) १८ ग्रॅम, तासभराच्या उकळीच्या सुरुवातीला
- कॅस्केड हॉप्स ३० ग्रॅम, शेवटची १० मिनिटं राहिल्यावर. आणखी ३० ग्रॅम हीटर बंद केल्यावर
- यूएस-०५ कोरडं यीस्ट, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट

फर्मेंटरमध्ये (आंबवायच्या भांड्यात) साधारण २१ ते २२ लिटर उतरतं. सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, म्हणजे साखर किती आहे त्याचं माप) १.०४६ ते १.०५० आणि शेवटची १.०१० च्या आसपास आली, म्हणजे अल्कोहोल पाच टक्क्यांच्या जवळपास.

## टप्पा १: मशीन ओळखून घ्या (आदल्या दिवशी)

नव्या मशीनच्या आत कारखान्यातलं तेल असतं. सोडियम परकार्बोनेट किंवा पीबीडब्ल्यू (दोन्ही धुण्याच्या पावडरी) घातलेलं ६० अंशांचं पाणी अर्धा तास पंपातून फिरवा आणि दोनदा साध्या पाण्याने धुवा. स्टीलला ब्लीच लावू नका. क्लोरीनयुक्त द्रवाने स्टीलवर बारीक खड्डे पडतात आणि त्यात घाण बसते.

त्याच दिवशी दोन मोजमापं घेऊन ठेवा.

पहिलं तापमानाचं. १७ लिटर पाणी ६६ अंशांवर आणा, पंप चालू ठेवा आणि स्वयंपाकाच्या डिजिटल थर्मामीटरने मध्यभागी मोजा. मशीनचा सेन्सर तळाला असतो, त्यामुळे पडद्यावरचा आकडा आणि खरं तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक पडू शकतो. तुमच्या मशीनचा फरक वहीत लिहा.

दुसरं वाफेचं. २५ लिटर पाणी तासभर खळखळ उकळा, झाकण काढून. निवल्यावर किती उरलं ते बघा. बहुतेक मशीनवर तासाला अडीच ते साडेतीन लिटर जातं. पुढचा पाण्याचा सगळा हिशेब या आकड्यावर उभा आहे.

इशारा: अमेरिकेतलं ११० व्होल्टचं १६०० वॅटचं मशीन जवळजवळ १५ अँपिअर ओढतं. एक्स्टेंशन वायर वापरू नका, आणि त्याच सर्किटवर मायक्रोवेव्ह किंवा फ्रिज ठेवू नका. ब्रेकर मधेच पडला तर मॅशचं (गरम पाण्यात भिजणाऱ्या धान्याचं) तापमान कोसळतं आणि अर्धा दिवस वाया जातो.

मशीन अॅपवर चालत असलं तरी हाताने चालवायची पद्धतही शिकून घ्या. सिअॅटलची पिकोब्रू कंपनी २०२० मध्ये बंद पडली, तेव्हा तिच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या मशीनवाल्यांची पंचाईत झाली.

## टप्पा २: पाणी

औषधाच्या दुकानासारखा किंवा बँड-एडसारखा वास येतो तो नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनमुळे. माल्ट आणि यीस्टमधल्या फिनॉलशी त्याचा संयोग होऊन जे तयार होतं, ते अगदी थोडं असलं तरी जिभेला कळतं. साधं क्लोरीन उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून जातं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांत मात्र क्लोरामाइन वापरतात आणि ते तसं जात नाही. उपाय स्वस्त आहे: कॅम्पडेनची अर्धी गोळी कुटून ३५ लिटर पाण्यात ढवळा, पाच-दहा मिनिटांत काम होतं. ही गोळी स्पार्जच्या पाण्यालाही लागते. हे निम्मे लोक विसरतात.

मग पाण्याची आम्लता. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ हवा. लंडनसारख्या जड पाण्यात फिकट माल्टचा मॅश याच्या वर राहतो, साखर कमी निघते आणि तुरटपणा येतो. लॅक्टिक अॅसिड एका वेळी एक मिली टाकत, नमुना थंड करून मोजत खाली आणा. पाणी फार मऊ असेल तर चार ग्रॅम जिप्सम आणि चार ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड पुरतं. दोन्ही खाण्याच्या दर्जाचंच घ्या. मीटर नसेल तर पहिली बॅच बाटलीबंद झऱ्याच्या पाण्यावर करा. आंधळेपणाने अॅसिड ओतण्यापेक्षा ते बरं.

किती पाणी लागेल त्याचं सूत्र:

मॅशचं पाणी (लिटर) = धान्याचे किलो × २.७ + ३.५
स्पार्जचं पाणी = २८ − मॅशचं पाणी + धान्याचे किलो × ०.८

आपल्या ५.३ किलोला मॅशसाठी १७.८ लिटर आणि स्पार्जसाठी १४.४ लिटर. धान्य किलोमागे साधारण ८०० मिली पाणी पिऊन बसतं, ते वजा जाता उकळीला २८ लिटर मिळतात. सूत्रातले ३.५ लिटर म्हणजे टोपलीखाली राहणारं पाणी. तुमच्या मशीनच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो धरा.

## टप्पा ३: भरडा

साखर कमी निघाली की लोक मॅशचा वेळ वाढवतात, पण दोष बहुतेकदा भरड्यात असतो. दाणा दोन-तीन तुकड्यांत फुटलेला आणि टरफल शक्य तितकं अख्खं हवं. आतला भाग लापशीच्या रव्याइतका जाड चालतो, पीठ नको. पाणी सतत फिरवणाऱ्या मशीनला दुकानातला फार बारीक भरडा सोसत नाही. गिरणीच्या रोलरमधलं अंतर १.० ते १.२ मिमी ठेवा.

तपासणी: मूठभर भरडा पांढऱ्या कागदावर पसरा. अख्खे दाणे शेकडा चार-पाचपेक्षा जास्त दिसले तर परत दळा. कागद पांढऱ्या पिठाने माखला तर भरडा फार बारीक आहे. तो टाकू नका, त्यात २०० ग्रॅम भाताचं तूस मिसळा. पाण्याला वाट मिळते आणि चवीत फरक पडत नाही. गव्हाचं माल्ट किंवा ओट्स जास्त असलेल्या रेसिपीतही तूस घालाच, कारण त्यांना टरफल नसतं.

## टप्पा ४: मॅश

मशीनवाल्यांच्या सगळ्यात जास्त चुका या एका तासात होतात, म्हणून इथे घाई नको.

१. पाणी ७१ अंशांवर आणा. धान्य पडलं की ते ६६ च्या आसपास येतं.

२. पंप बंद. धान्य चार-पाच हप्त्यांत घाला आणि प्रत्येक हप्त्यानंतर लांब दांड्याने तळापासून ढवळा. गुठळ्या राहिल्या तर त्यांच्या आत कोरडं पीठ तसंच राहतं आणि तेवढी साखर गेली. जोरात घुसळू नका, टरफल फाटतं आणि पीठ जाळीखाली उतरतं.

३. दहा मिनिटं काही करू नका. धान्य फुगून थर बसू द्या. लगेच पंप लावला तर सैल पीठ खाली ओढलं जातं, हीटरवर बसतं आणि तळाला लागतं. बिअरला येणारा जळका, राखेसारखा वास इथून येतो आणि पुढे कशानेच जात नाही.

४. आता पंप हळू सुरू करा. झडप आधी थोडीच उघडा, पाच मिनिटांनी वाढवा. पाणी जितक्या वेगाने वर पडतं तितक्याच वेगाने थरातून खाली झिरपलं पाहिजे. धान्याच्या वर बोटभर पाणी उभं राहिलं की वेग बरोबर.

५. मधल्या ओव्हरफ्लो नळीवर लक्ष ठेवा. तिच्यातून सतत पाणी जात असेल तर ते धान्यातून न जाता परस्पर खाली पडतंय. पडद्यावर ६६ दिसत राहतं, पण थराच्या मध्यावर ६२ असू शकतं. पंप मंद करा. तरी थांबत नसेल तर पंप बंद करून वरचा दोन-तृतीयांश थर सावकाश ढवळा, पाच मिनिटं बसू द्या आणि पुन्हा हळू सुरू करा.

६. टप्पा १ मधला फरक धरून कंट्रोलर लावा. धान्यात ६६ हवे असतील आणि तुमचं मशीन दोन अंश कमी भरत असेल तर ६८ लावा. ६४ च्या आसपास बिअर कोरडी आणि हलकी होते, ६८-६९ ला भरीव आणि किंचित गोडसर.

७. मोठ्या वॅटचं मशीन असेल तर मॅशमध्ये हीटर कमी ताकदीवर चालवा. पूर्ण ताकद फक्त उकळीसाठी.

तपासणी: साठ मिनिटांनी चमचाभर वर्ट (धान्यातून निघालेलं गोड पाणी) पांढऱ्या बशीत घ्या, टरफल काढून टाका आणि टिंक्चर आयोडीनचा एक थेंब सोडा. रंग पिवळट-तपकिरी राहिला तर स्टार्च संपला. काळा-निळा झाला तर आणखी पंधरा-वीस मिनिटं. हा नमुना टाकून द्या, परत भांड्यात नको.

शेवटी ७५ अंशांवर नेऊन दहा मिनिटं. वर्ट पातळ होतं आणि निथळायला सोपं जातं.

## टप्पा ५: टोपली उचलणं आणि स्पार्ज

ओल्या धान्याची टोपली दहा किलोच्या वर जाते आणि तिच्यातून ७५ अंशांचं पाणी गळत असतं. दोघांनी उचला किंवा कप्पी लावा. पायात बंद बूट, आणि मुलं त्या खोलीत नकोत.

टोपली अडकवली की पहिलं पाणी निथळू द्या. थराचा वरचा भाग दिसायला लागला की ७५ अंशांचं स्पार्जचं पाणी भांड्याभांड्याने, थर उकरला जाणार नाही असं ओता. हे पाणी वेगळ्या भांड्यात आधीच तापवून ठेवलेलं हवं. पंधरा ते वीस मिनिटं लागली पाहिजेत. पाच मिनिटांत सगळं ओतलं तर साखर धान्यातच राहते. टोपली पिळू किंवा दाबू नका, आणि पाणी ८० च्या वर नेऊ नका. टरफलातला तुरटपणा उतरतो.

स्पार्ज चालू असतानाच हीटर पूर्ण ताकदीवर लावा, उकळीची अर्ध्या तासाची वाट वाचते. त्याआधी मात्र लांब चमच्याने तळ एकदा खरवडून बघा. तिथे पिठाचा चिकट थर असेल तर मोकळा करा. नाहीतर तो जळतो आणि मशीनचं कोरडं-तापणं रोखणारं बटण पडून हीटर बंद होतो.

तपासणी: २८ लिटर भरल्यावर ढवळून नमुना घ्या, २० अंशांपर्यंत थंड करा आणि हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती काचनळी) सोडा. १.०४२ च्या आसपास हवी. गरम वर्टमधला आकडा खोटा कमी येतो. खरोखर कमी असेल तर सुधारायची वेळ हीच. २५० ग्रॅम कोरडा माल्ट अर्क साधारण तीन-चार पॉइंट (म्हणजे ०.००३ ते ०.००४) वाढवतो.

## टप्पा ६: उकळ

झाकण पूर्ण काढा. फिकट माल्टमधून उकळताना डीएमएस नावाचं द्रव्य तयार होतं. ते वाफेबरोबर बाहेर गेलं नाही तर बिअरला उकडलेल्या मक्याचा वास राहतो. मशीन मंद असेल तर बाहेरून जॅकेट गुंडाळा, पण झाकण ठेवून उकळी आणायची नाही.

उकळी फुटताना जाड फेस येतो आणि क्षणात उतू जातो. ती पाच-सात मिनिटं तिथून हलू नका. फेस बसल्यावरच पहिले हॉप्स घाला. हॉप्सचा जाळीचा डबा असेल तर वापरा, नसेल तर पंप तुंबायची तयारी ठेवा. शेवटच्या दहा मिनिटांत बिअर नितळ करणाऱ्या व्हर्लफ्लॉकची अर्धी गोळी.

कूलरही याच वेळी निर्जंतुक होतो. तांब्याची गुंडाळी असेल तर शेवटची पंधरा मिनिटं ती उकळत्या वर्टमध्ये बुडवा. नळीत-नळी जातीचा कूलर असेल तर शेवटची दहा मिनिटं उकळता वर्ट त्यातून फिरवून परत भांड्यात सोडा.

## टप्पा ७: थंड करणं आणि यीस्ट

हीटर बंद केला त्या क्षणापासून वर्टला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं: फर्मेंटर, नळी, झाकण, हायड्रोमीटरची नळी, कात्री, यीस्टचं पाकीट, तुमचे हात. स्टार सॅन (निर्जंतुक करायचं द्रावण) लिटरला दीड मिली. त्याचा फेस धुवायचा नसतो. आधी घासून स्वच्छ केलेल्या भांड्यावरच ते काम करतं, मळावर नाही.

लक्ष्य १८ अंश. टेक्सास किंवा क्वीन्सलँडच्या उन्हाळ्यात नळाचं पाणीच २७-२८ ला असतं, तिथे कूलरने वर्ट १८ ला येणारच नाही. अशा वेळी ३० ला आलेलं वर्ट फर्मेंटरमध्ये बंद करून फ्रिजमध्ये ठेवा आणि आठ-दहा तासांनी यीस्ट टाका. स्वच्छता नीट पाळली असेल तर त्या विलंबाने काही बिघडत नाही. गरम वर्टमध्ये यीस्ट टाकण्याची घाई मात्र भोवते.

वर्ट फर्मेंटरमध्ये उंचावरून पडू द्या, त्यात हवा मिसळली पाहिजे. प्राणवायूचं काम एवढ्यापुरतंच. यीस्ट सुरू झाल्यावर बिअरला हवा लागू द्यायची नाही. पाकीट वरून भुरभुरवलं तरी चालतं.

ग्रॅव्हिटी मोजून तारखेसह लिहा. ही नोंद नसेल तर पुढे काहीच ठरवता येत नाही.

## टप्पा ८: आंबवण

बिअरची चव खरी इथे ठरते, आणि मशीनला याची काही खबर नसते. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं. खोली २२ ला असेल तर फर्मेंटरच्या आत पहिल्या तीन दिवसांत २५-२६ सहज होतं. त्या तापमानाला हे यीस्ट फळांचा भडक वास आणि घसा चुरचुरणारं जड अल्कोहोल बनवतं. जुना फ्रिज आणि प्लगमध्ये लावायचा तापमान-नियंत्रक हा मशीननंतरचा सगळ्यात उपयोगी खर्च आहे, दुसऱ्या कुठल्याही जोडसामानाच्या आधी. नियंत्रकाची वायर फर्मेंटरच्या पोटाला चिकटवा आणि वरून कापडाची जाड घडी बांधा. हवेत लोंबती ठेवली तर ती फ्रिजची हवा मोजते, बिअर नाही.

पहिले चार दिवस १८ अंश, मग रोज एक अंश वाढवत २१ पर्यंत न्या आणि तिथे ठेवा. शेवटच्या उबेत यीस्ट डायअॅसिटिल परत शोषून घेतं. ते राहिलं तर बिअरला लोण्याचा वास येतो. हिरव्या सफरचंदासारखी चव राहिली तर बिअर यीस्टवरून लवकर काढली असं समजा.

तापमान राखायची सोयच नसेल तर यूएस-०५ शी झगडू नका. नॉर्वेचं व्हॉस क्वाइक यीस्ट ३५ अंशांनाही स्वच्छ आंबतं.

इशारा: एअरलॉकचे (वायू फक्त बाहेर सोडणाऱ्या पाणी भरलेल्या झडपेचे) बुडबुडे थांबले म्हणजे आंबवण संपली असं नाही. झाकण सैल असेल तर बुडबुडे येतच नाहीत, आणि तापमान चढलं तर संपल्यावरही येतात. दहाव्या दिवशी मोजा, तीन दिवसांनी परत मोजा. दोन्ही आकडे तंतोतंत सारखे आणि १.०१० च्या आसपास असतील तरच पुढे जा. हे मोजमाप हायड्रोमीटरनेच. अल्कोहोल आल्यावर रिफ्रॅक्टोमीटरचा (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दुरुस्तीशिवाय चुकीचा असतो.

मधल्या काळात झाकण उघडून वास घ्यायचा मोह टाळा.

## टप्पा ९: बाटल्या

बिअर दोन दिवस फ्रिजमध्ये थंड केली तर गाळ बसतो. फ्रिजमध्ये घालण्याआधी एअरलॉक काढून छिद्र बंद करा, नाहीतर आकुंचनाने त्यातलं पाणी आत ओढलं जातं.

साधी साखर लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १२० ग्रॅम. पाव लिटर पाण्यात उकळून, निववून, दुसऱ्या निर्जंतुक भांड्याच्या तळाशी ओता आणि त्यावर नळीने बिअर सोडा. नळीचं तोंड तळाला टेकलेलं ठेवा, खळखळाट नको. हळुवार एकदा ढवळा. बाटलीबाटलीत चमच्याने साखर घालू नका. एकीत फेसच नाही आणि दुसरी फुटते, असं होतं.

तपकिरी, जाड काचेच्या, बिअरच्याच बाटल्या घ्या. पारदर्शक किंवा हिरव्या बाटलीत उजेडाने हॉप्स बिघडतात. वर दोन बोटं जागा सोडा. २० अंशांच्या आसपास, अंधारात, झाकणाच्या खोक्यात दोन आठवडे ठेवा.

एक बाटली प्लास्टिकची भरा. ती दाबून बघितली की आतला दाब कळतो. आठवड्याने टणक झाली तर सगळं ठीक चाललंय. दोन-तीन दिवसांतच दगडासारखी झाली तर आंबवण अर्धवट राहिली होती किंवा साखर जास्त पडली. अशा वेळी सगळ्या बाटल्या उभ्या-उभ्या फ्रिजमध्ये घाला. उचलताना हातमोजे आणि चष्मा घाला. पूर्ण गार झाल्यावर एकेक बाटली सिंकमध्ये, वर टॉवेल टाकून उघडा.